रंगाचा सोळा आणे हिशेब

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपया सोळा आण्यांचा होता, आणि नागपूरच्या इतवारीसारख्या ठोक बाजारात सोळाचे राज्य रुपयापुरते नव्हते. किराण्याचा शेर सोळा छटाकांचा, कापडाचा गज सोळा गिरहांचा. त्यामुळे किरकोळ भाव काढायला मुनिमाला कागद लागत नसे. शेराला जितके रुपये, छटाकाला तितके आणे. गजाला जितके रुपये, गिरहाला तितके आणे. पाच रुपये शेराचे तूप छटाकभर घेतले की पाच आणे द्यायचे, विषय संपला.

आज त्याच बाजारातल्या साडीचा फोटो मोबाइलवरून गावोगावी जातो. त्या फोटोतला प्रत्येक ठिपका, दुकानाच्या वेबसाइटवरची प्रत्येक पट्टी, पावतीवरचे रंगीत नाव या सगळ्यांचे रंग प्रोग्रामिंगमध्ये बहुधा सोळाच्याच हिशेबाने वाचले-लिहिले जातात. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांना #एफएफ९९३३ असे काहीतरी दिसते आणि तिथे ती थबकतात. हा मजकूर आहे की संख्या? संख्या असेल तर किती? या प्रकरणात आपण हीच फोड करणार आहोत. (छापताना मी हे कोड देवनागरीत लिहितो आहे, संगणकात मात्र ते रोमन अंक-अक्षरांतच टाकायचे असतात. तसे न केल्यास काय होते, तेही पुढे येईल.)

सोळाच का?

तराजू ज्याच्या हाती असतो त्याला निम्मे करणे सर्वांत सोपे जाते. दोन्ही पारड्यांत माल सारखा वाटला की अर्धा शेर झाला. तो पुन्हा वाटला की पावशेर, मग अर्धा पाव, मग छटाक. चार वेळा निम्मे केले की सोळावा हिस्सा हाती येतो. वेगळे वजन लागत नाही. कापडाची घडी घालणाऱ्यालाही हेच सोयीचे. दहाचे तसे नाही. दहाचे निम्मे पाच, आणि पाचाशी गाडी अडते.

हिशेबाच्या चोपड्यांत ही रीत रेघांनी उतरली होती. चतुर्थांशासाठी उभी रेघ, सोळांशासाठी तिरकी रेघ. साडेतीनसाठी ३॥ लिहिण्याची पद्धत जुन्या छापील पुस्तकांत आजही दिसते, ती याच घरातली. अकरा आणे म्हणजे दोन पावल्या (पावली म्हणजे चार आणे) आणि तीन आणे: दोन उभ्या रेघा, तीन तिरक्या. शून्य ते तीन पावल्या आणि शून्य ते तीन आणे एवढ्यावर सोळाही किमती बसतात. शाळेत पावकी, निमकी, पाउणकी घोकून घेत, त्यामागे हाच व्यवहार होता.

संगणकाची अडचण तराजूसारखीच आहे. त्याच्या सर्वांत लहान घटकाला, बिटला, दोनच अवस्था ठाऊक: शून्य किंवा एक. चार बिट शेजारी ठेवले की सोळा जुळण्या होतात. त्यातली अकरा ही किंमत १०११ अशी दिसते. ती मधोमध तोडली तर १० आणि ११, म्हणजे दोन आणि तीन. चोपडीतले अकरा आणेही दोन उभे, तीन तिरकेच होते. मुनिमाच्या रेघा आणि यंत्राचे बिट इथे हुबेहूब जुळतात, कारण दोघांनीही निम्मे करण्याच्याच क्रियेवर हिशेब उभारला आहे.

चार बिटांच्या या गटाला एकच अंकचिन्ह द्यायचे, तर सोळा चिन्हे हवीत. शून्य ते नऊ आपल्याकडे आहेत. दहा ते पंधरासाठी काहीतरी शोधायला हवे. सुरुवातीला ज्याने त्याने आपापले ठरवले. १९५६ च्या बेंडिक्स जी-१५ या संगणकावर यू ते झेड ही अक्षरे वापरत. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० आणला, त्यात ए ते एफ होती, आणि पुढे तीच रूढ झाली. ए म्हणजे दहा, बी अकरा, सी बारा, डी तेरा, ई चौदा, एफ पंधरा. या लेखनपद्धतीला हेक्साडेसिमल किंवा नुसते हेक्स म्हणतात.

आण्याच्या त्या रेघाही संगणकात आल्या आहेत. २००९ च्या युनिकोड ५.२ मध्ये चतुर्थांश आणि सोळांशाच्या चिन्हांना अधिकृत जागा मिळाली. त्या गटाचा पहिला क्रमांक आहे ए८३०. हा क्रमांकसुद्धा हेक्समध्येच लिहिलेला आहे. आपल्या रोजच्या दशमान पद्धतीत तो ४३०५६ होतो.

केशरी रंगाची फोड

उदाहरणासाठी तिरंगा घेऊ. नागपूरकराला तो घ्यायला कारणही आहे. १९२३ चा झेंडा सत्याग्रह याच शहरात गाजला. जमनालाल बजाज त्याचे पुढारी होते, त्यांच्या अटकेनंतर सरदार पटेलांनी सूत्रे घेतली. तेव्हाच्या झेंड्यावर चरखा होता. आजचा अशोकचक्राचा तिरंगा संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. वेबसाइटवर त्याचे रंग बहुधा असे लिहिलेले आढळतात:

केशरी #एफएफ९९३३
पांढरा #एफएफएफएफएफएफ
हिरवा #१३८८०८
चक्राचा निळा #००००८०

पडद्यावरचा रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने होतो. प्रत्येकाला दोन हेक्स अंक, म्हणजे आठ बिट मिळतात. सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ पायऱ्या, शून्यापासून २५५ पर्यंत. केशरी कोडचे तीन तुकडे करा: एफएफ, ९९, ३३.

एफएफ: १५ × १६ + १५ = २५५
९९: ९ × १६ + ९ = १५३
३३: ३ × १६ + ३ = ५१

लाल पूर्ण, हिरवा २५५ पैकी १५३, निळा ५१. आता या तिघांचा मिळून एकच पूर्णांक करायचा. उजवीकडचा निळा एककाच्या घरात. हिरवा त्याच्या डावीकडे, म्हणून २५६ ने गुणायचा. लाल आणखी एक घर डावीकडे, म्हणून २५६ × २५६ म्हणजे ६५५३६ ने.

२५५ × ६५५३६ = १६७११६८०
१५३ × २५६ = ३९१६८
५१ × १ = ५१
एकूण १६७५०८९९

हा झाला केशरीचा पूर्णांक. याच रीतीने पांढऱ्याचा १६७७७२१५ येतो, हिरव्याचा १२८०००८ आणि चक्राच्या निळ्याचा अवघा १२८. काळ्याचा शून्य धरला की शून्य ते १६७७७२१५ मिळून १,६७,७७,२१६ रंग होतात. पडद्याच्या जाहिरातीत एक कोटी सदुसष्ट लाख रंग म्हणतात ते हेच.

यंत्र हे कसे करते?

रंगाचा कोड यंत्राकडे स्ट्रिंग म्हणून येतो; स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. संगणकाच्या दृष्टीने एफ हे अक्षर म्हणजे पंधरा नव्हे; कॅपिटल एफचा वर्णसंकेत ७० आहे. म्हणून पहिले काम अक्षराची किंमत काढण्याचे. रोमन शून्य ते नऊ यांचे संकेत ४८ ते ५७, म्हणून ४८ वजा करायचे. कॅपिटल ए ते एफ ६५ ते ७०, म्हणून ५५ वजा करायचे. लहान ए ते एफ ९७ ते १०२, म्हणून ८७ वजा करायचे. ७० वजा ५५ बरोबर १५; एफची किंमत मिळाली.

दुसरे काम बेरजेचे. यंत्र ६५५३६ वगैरे आकडे पाठ ठेवत नाही. ते डावीकडून एकेक अक्षर उचलते, आतापर्यंतच्या बेरजेला सोळाने गुणते आणि नवा अंक मिळवते. केशरीसाठी हा प्रवास असा होतो:

एफ घेतला: १५
एफ घेतला: १५ × १६ + १५ = २५५
९ घेतला: २५५ × १६ + ९ = ४०८९
९ घेतला: ४०८९ × १६ + ९ = ६५४३३
३ घेतला: ६५४३३ × १६ + ३ = १०४६९३१
३ घेतला: १०४६९३१ × १६ + ३ = १६७५०८९९

सहा पावलांत तोच आकडा. बहुतेक भाषांत हे काम करणारे तयार फंक्शन असते. जावास्क्रिप्टमध्ये 'पार्सइंट', पायथनमध्ये 'इंट', जावात 'इंटिजर'मधले 'पार्सइंट'. तिघांनाही दोन गोष्टी द्यायच्या: स्ट्रिंग आणि पाया, म्हणजे १६. तरी सुरुवातीला एकदा हे स्वतः लिहून पाहावे असे मी आग्रहाने सांगेन. ज्याने हे सहा टप्पे वहीवर मांडले आहेत, त्याला पुढच्या चुका दुरूनच दिसतात.

उलटा प्रवासही कळला पाहिजे. १६७५०८९९ ला ६५५३६ ने भागले की भागाकार २५५, बाकी ३९२१९. त्या बाकीला २५६ ने भागले की भागाकार १५३, बाकी ५१. लाल, हिरवा, निळा परत हाती आले, एक कणही सांडला नाही. १९५७ साली बाजाराला हे सुख नव्हते. सोळाव्या हिश्शाचे शंभरात रूपांतर करताना आणा सव्वासहा नव्या पैशांचा होत होता. पाव पैसा कुणी सुटा देऊ शकत नाही, म्हणून तक्त्यात एका आण्याचे ६, दोनांचे १२, तीनांचे १९ आणि चारांचे नेमके २५ असे धरावे लागले. अपूर्णांक पाया बदलताना तुटू शकतो. पूर्णांक कधीच तुटत नाही. म्हणून प्रोग्राममध्ये रंग साठवायचा तर टक्क्यांपेक्षा पूर्णांकात साठवलेला बरा.

पूर्णांक करण्याचा आणखी एक फायदा आहे. कॅपिटल अक्षरांत लिहिलेला केशरी कोड आणि लहान अक्षरांत लिहिलेला केशरी कोड हे मजकूर म्हणून दोन वेगळे आहेत, यंत्र त्यांना समान मानत नाही. पूर्णांक केला की दोघेही १६७५०८९९. मालाच्या यादीत एकच रंग दोनदा नोंदला गेला आहे का, हे तपासायला हा एक आकडा पुरतो.

हिशेब कुठे चुकतो?

पहिली चूक पाया न सांगण्याची. केशरीत एफ असल्यामुळे पाया राहिला तर घोटाळा लगेच उघड होतो. हिरव्यात मात्र सगळेच अंक आहेत. १३८८०८ हा मजकूर पाया न सांगता दिला की जावास्क्रिप्ट त्याला सरळ एक लाख अडतीस हजार आठशे आठ समजते. तक्रार येत नाही, प्रोग्राम चालतो, आणि झेंड्याची खालची पट्टी हिरव्याऐवजी काळपट निळी उमटते.

दुसरी चूक # या खुणेची. ही खूण अंक नव्हे. ती न काढता स्ट्रिंग दिली की जावास्क्रिप्ट 'ही संख्या नाही' असे उत्तर देते आणि पायथन चूक दाखवून थांबते. थांबणे परवडले. जावास्क्रिप्टचे 'पार्सइंट' मात्र मध्येच अनोळखी अक्षर आले तर तिथवरचा भाग घेऊन मोकळे होते. पहिल्या तीनच्या जागी चुकून ओ टाइप झाला, एफएफ९९ओ३ असे पडले, तर ते चारच अंक वाचते आणि ६५४३३ परत देते. वरच्या सहा टप्प्यांतला हा चौथा आकडा ओळखीचा वाटेल. पडद्यावर केशरीऐवजी झगझगीत पुदिनी हिरवा दिसतो.

तिसरी चूक आखूड कोडची. वेबवर #एफ९३ असेही चालते. त्याचा अर्थ प्रत्येक अंक दोनदा, म्हणजे आपलाच केशरी. पण दुप्पट न करता हेच तीन अंक रूपांतराला दिले तर १५ × २५६ + ९ × १६ + ३ = ३९८७ येतात, आणि तो गडद निळा रंग आहे. आधी लांबी तपासायची, तीन असेल तर अंक दुहेरी करायचे, मगच पुढे जायचे.

चौथी चूक डावीकडच्या शून्यांची. चक्राचा निळा १२८. त्याला परत हेक्समध्ये लिहिले की यंत्र नुसते ८० देते, आणि #८० हा वेबवर रंगच नाही. सहा घरे भरेपर्यंत डावीकडे शून्ये लावावी लागतात. एक्सेल वापरणाऱ्यांना हा अनुभव वेगळ्या वाटेने येतो: रंगांची यादी सीएसव्ही फाइलमधून उघडली की ००००८० चा ८० होऊन बसतो. तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवावा.

पाचवी चूक क्रमाची, आणि ती सर्वांत जास्त फसवते. वेबवर लाल सर्वांत डावीकडे असतो. विंडोज आणि एक्सेलच्या मॅक्रोमध्ये लाल एककाच्या घरात आणि निळा सर्वांत वर. तिथे केशरीचा पूर्णांक ५१ × ६५५३६ + १५३ × २५६ + २५५ म्हणजे ३३८१७५९ आहे. वेबचा १६७५०८९९ तसाच एक्सेलला दिला तर पेशी आकाशी निळी होते. हिरव्याचे बघा: १३, ८८, ०८ उलटे वाचले तर ०८, ८८, १३. दोन्ही हिरवेच. फक्त हिरव्यावर चाचणी घेणाऱ्याला ही चूक डोळ्यांनी कधीच सापडणार नाही.

सहावी गोष्ट पारदर्शकतेची. कधीकधी कोड आठ अंकांचा असतो, जादा दोन अंक रंग किती पारदर्शक ते सांगतात. वेबवर ते शेवटी येतात, अँड्रॉइडमध्ये सुरुवातीला. अँड्रॉइडचा पूर्ण अपारदर्शक केशरी #एफएफएफएफ९९३३. हा आकडा ४२९४९४०९७९ इतका होतो, पण जावाचा पूर्णांक २१४७४८३६४७ च्या पुढे जात नाही. म्हणून साधे 'पार्सइंट' इथे नकार देते, आणि अँड्रॉइडचे रंगाचे फंक्शन हेच बत्तीस बिट उणे संख्या म्हणून दाखवते: –२६३१७. मुले हा उणे आकडा पाहून घाबरतात. बिट तेच आहेत, सर्वांत डावीकडचा बिट उण्याची खूण म्हणून वाचला गेला, एवढेच.

सातवी चूक आपल्या कळफलकाची. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, नऊचा २४१५. फोन मराठी अंकांवर असताना कोड भरला गेला, तर ४८ वजा करणाऱ्या घरच्या प्रोग्रामला नऊच्या जागी २३६७ मिळतात. पायथनचे 'इंट' देवनागरी अंक ओळखते: ९९ आणि पाया १६ दिला की १५३ नीट परत देते. जावास्क्रिप्ट त्यांना संख्या मानत नाही. मराठी माणसांसाठी जे ॲप बनवतात, त्यांनी हे रूपांतर आधीच करून घ्यावे. ग्राहकाने त्याच्या लिपीत टाकलेला अंक चुकीचा ठरवण्याचा अधिकार प्रोग्रामरला नाही.

आकडा आणि कापड

एवढे सगळे नेमके झाल्यावरही १६७५०८९९ म्हणजे झेंड्याचा केशरी, असे म्हणता येत नाही. हा आकडा पडद्याला प्रकाश किती सोडायचा ते सांगतो, आणि तेही सरळ प्रमाणात नाही. १५३ हे २५५ च्या साठ टक्के आहेत, पण १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या एसआरजीबी पद्धतीनुसार १५३ वर पडदा पूर्ण प्रकाशाच्या सुमारे ३२ टक्केच प्रकाश सोडतो. डोळ्याला अंधाऱ्या छटांतला फरक अधिक जाणवतो, म्हणून खालच्या पायऱ्या जवळजवळ ठेवल्या आहेत. दोन रंगांचे आकडे नुसते मिळवून त्यांची सरासरी काढली की मधला रंग अपेक्षेपेक्षा काळवंडतो, तो यामुळे.

कापड स्वतः प्रकाश सोडत नाही. पडलेल्या उजेडातला काही भाग परत फेकते. म्हणून तिरंग्याचे भारतीय मानक, आयएस १, हेक्स कोड देत नाही. ते रंग मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतले सहनिर्देशक देते, ठरावीक उजेडात कापड तपासण्यासाठी. केशरीसाठी #एफएफ९९३३ रूढ आहे आणि #एफएफ६७१एफ हाही कोड वापरात दिसतो, याचे कारण हेच: दोन्ही पडद्यासाठी केलेले अंदाज आहेत. इतवारीत साडी घेताना बाई पदर दिव्याखालून उचलून दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन बघतात, ती तपासणी शास्त्राला धरून आहे. मोबाइलवर फोटो पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने कोडवर विसंबून 'हाच रंग येईल' अशी हमी देऊ नये. कापडाचा तुकडा पाठवावा.

रूपांतर मात्र शंभर टक्के नेमके होऊ शकते, आणि ते झालेच पाहिजे. त्यासाठी तिरंग्याचे चार रंग ही चांगली कसोटी आहे. केशरी दिला आणि निळसर आला तर क्रम उलटला आहे किंवा आखूड कोड उलगडलेला नाही. पांढरा १६७७७२१५ च्या ऐवजी –१ आला तर पारदर्शकतेचे बिट आणि उण्याची खूण पाहा. हिरवा १३८८०८ असाच परत आला तर पाया सांगायचा राहिला. निळा परत लिहिताना सहा अंक आले नाहीत तर शून्ये गळाली. आपण लिहिलेले फंक्शन या चार रंगांतून जाऊन १६७५०८९९, १६७७७२१५, १२८०००८ आणि १२८ हे चार आकडे देत असेल, आणि त्या आकड्यांवरून तेच चार कोड अंकाला अंक परत लिहीत असेल, तर सहा अंकी रंगांसाठी ते बिनधास्त वापरावे.